दोष कोणाचा?

मराठीत ‘दोष’ हा एकच शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. कापडात दोष असतो, घड्याळात दोष असतो, डोळ्यांत दृष्टिदोष असतो. आणि न्यायालयात माणूस दोषी ठरतो. पहिल्या ठिकाणी कोणाचाही अपराध नसतो, दुसऱ्या ठिकाणी अपराधाचीच गोष्ट असते. एरवी या घोटाळ्याने फारसे बिघडत नाही. पण एखाद्या घरात मूल आजारी असते, डॉक्टर तपासणीचा कागद पाहून “जनुकात दोष आहे” एवढेच सांगतात, आणि ती माणसे घरी पोचेपर्यंत त्या शब्दाचा पहिला अर्थ वाटेतच गळून पडलेला असतो. मग घरात, अंगणात, उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर एकच विचारणा सुरू होते, की हा दोष कोणाचा?

पोळा होऊन गेल्यावर आम्ही पांढुर्णा व सौसर भागात काही दिवस होतो. हा मुलूख मध्य प्रदेशाचा, पण बोली मराठी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. संत्र्याच्या बागा, कापूस, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर होणारी गोटमार यांवरून बाहेरचे लोक पांढुर्ण्याला ओळखतात. दुखणेबाणे आले की येथील माणूस भोपाळकडे पाहत नाही, नागपूरची गाडी धरतो. ख्रिस्ती घरे मोजकी, मंडळ्या लहान, आणि सर्वजण एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. या शेवटच्या गोष्टीचा पुढे संबंध येणार आहे.

तेथे एका कुटुंबाने आम्हांला घरी बोलावले. नावगाव आम्ही सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. घरातला पाच वर्षांचा मुलगा हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे असा. नाकातून वारंवार रक्त यायचे, रात्री पाय दुखतात म्हणून रडायचा. जाणत्या बायांनी पोट चाचपून पानथरी वाढली आहे असे आधीच सांगितले होते, आणि ते खरेच होते. परंतु दोन वर्षे त्याला कधी हिवतापाची, कधी काविळीची, कधी रक्तवाढीची औषधे मिळत राहिली. शेवटी नागपुरास एका डॉक्टरांनी अस्थिमज्जा तपासली, रक्तातील एका विकराचे मोजमाप करविले, आणि रोगाचे नाव सांगितले: गोशे रोग.

हा रोग काय आहे ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण दोषाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या समजण्यातच आहे. आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत बारीक पिशव्या असतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव यांनी १९५५ साली त्यांना लायसोसोम हे नाव दिले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना लयकारिका म्हणतात. द दूव यांना १९७४ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शेतकऱ्याच्या घरामागे उकिरडा असतो, त्यात शेणकचरा पडतो आणि कुजून त्याचे खत होते, तसेच काम या पिशव्यांचे. पेशीतील जुने, मोडके, टाकाऊ पदार्थ त्यांत येतात आणि पन्नासाहून अधिक विकरे त्यांचे तुकडे करून पुन्हा उपयोगात आणतात. प्रत्येक विकराला एक ठरलेले काम आहे. एकाचे काम दुसरे करीत नाही. एक विकर नसले की त्याच्या वाट्याचा कचरा साचत राहतो.

गोशे रोगात ज्या विकराची उणीव असते त्याचे नाव ग्लुकोसेरेब्रोसिडेज. म्हाताऱ्या झालेल्या रक्तपेशींच्या आवरणातील एक स्निग्ध पदार्थ फोडणे हे त्याचे काम. ते झाले नाही की तो पदार्थ पानथरी, यकृत आणि हाडांतील मज्जा यांमधील भक्षक पेशींत भरत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसते. फिलिप गोशे या फ्रेंच विद्यार्थ्याने १८८२ साली हा रोग प्रथम वर्णिला, तेव्हा त्याला ती पानथरीतील गाठ वाटली होती. खरे कारण कळण्यास पुढे ऐंशी वर्षे लागली.

या विकराचा नमुना ज्या जनुकात लिहिलेला आहे ते आपल्या पहिल्या गुणसूत्रावर असते. विकर म्हणजे ४९७ दुव्यांची साखळी. त्यांतील एक दुवा बदलला तरी साखळीची घडी बिघडू शकते. भारतातील गोशे रुग्णांत सर्वांत जास्त आढळणारा बदल जुन्या मोजणीप्रमाणे ४४४ व्या जागेवरचा आहे. तेथे ल्युसिन हवे तेथे प्रोलिन येते. एवढाच तो ‘दोष’. लिहून घेणाऱ्याच्या हातून एक अक्षर चुकले आणि पुढच्या सर्वांनी ते तसेच उतरवून घेतले, असे समजावे.

आता प्रत्येक माणसात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल तर माणसाला गोशे रोग होत नाही. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही वाहक एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक वेळा मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याचा संभव असतो. या भागात सिकलसेल पुष्कळ घरांना ठाऊक आहे आणि त्याचा हिशेबही असाच चालतो. म्हणून त्या कुटुंबाला हे समजावणे आम्हांला वाटले होते तितके कठीण गेले नाही. “म्हणजे सिकलसेलच्या कार्डासारखं,” असे मुलाची आईच म्हणाली.

पण समजणे निराळे आणि मनातून जाणे निराळे. शेजारच्या बायांनी सुरुवातीस ठरवून टाकले होते की हे सुनेच्या माहेरचे आहे. सासूनेही तसे बोलून दाखविले होते. मग कोणीतरी हळूच आठवण करून दिली की सुनेचे माहेर म्हणजे सासूचेही माहेरच. मुलगा आपल्या मामाचा जावई होता. सासू आणि सुनेचे वडील ही सख्खी भावंडे. तेव्हापासून घरात त्या विषयावर कोणी काही बोलेना.

मामाची मुलगी करणे ही आपल्याकडे लाजेची गोष्ट नाही. नाते जोडलेले राहते, मुलगी परक्या घरी जात नाही. याकोबाने आपल्या मामाच्या, लाबानाच्या, दोन्ही मुली केल्या, आणि लेवीयाच्या अठराव्या अध्यायात मना केलेल्या नात्यांत हे नाते नाही. त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबांतही ही चाल सुखाने राहिली. जेथे मंडळी लहान असते तेथे तर दुसरे स्थळ मिळणेच अवघड. म्हणून कोणी बाहेरून येऊन तुम्ही पाप केले असे या लोकांना म्हणू लागला तर ते आम्हांला मान्य नाही. मात्र हिशेब हिशेबाच्या जागी आहे. समजा, एखाद्या बिघडलेल्या जनुकाचा शंभरांत एक वाहक आहे. अनोळखी घराण्यांत लग्न झाले तर अपत्याला रोग होण्याचा संभव चाळीस हजारांत एक. आते-मामे भावंडांत झाले तर बत्तीसशेत एक. म्हणजे धोका बारापटींहून जास्त वाढला, आणि तरीही अशी बहुतेक मुले या रोगापासून मुक्तच जन्मतात. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्या लागतात. पहिलीच सांगितली तर माणूस घाबरतो, दुसरीच सांगितली तर तो काही करीत नाही.

या घरात आणखी एक प्रकार घडला होता. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, की या घराण्यावर पिढीजात शाप आहे आणि पूर्वजांचे कोणते पाप ते शोधून कबूल केल्याखेरीज तो उतरणार नाही. तो गृहस्थ निघून गेला. त्याचे शब्द घरात राहिले. आई रात्र रात्र जागून आपल्या आजी-आजोबांनी काय केले असेल ते आठवीत बसे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील तिसऱ्या-चौथ्या पिढीची गोष्ट त्याने आधाराला घेतली होती. त्याच शास्त्रात यहेज्केलाचा अठरावा अध्याय आहे, आणि बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबले ही लोकांची म्हण तेथे देवानेच मोडीत काढली आहे, हे त्याने सांगितले नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून हाच प्रश्न विचारतात, याने पाप केले की याच्या आईबापांनी. प्रभू दोन्ही नाकारतो. आम्हांला त्या प्रसंगात एक गोष्ट नेहमी खटकते: शिष्य त्या आंधळ्याच्या समोर, त्याला ऐकू जाईल असे, त्याच्याविषयी बोलत आहेत. आंधळा बहिरा नव्हता. आजारी मुलाच्या खाटेशेजारी बसून आपण जे बोलतो तेही मूल ऐकत असते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी येथे थोडे आडवळण घेतो. वर्गात अडखळत बोलणारे मूल असते. वचन पाठ म्हणताना ते एका अक्षरावर अडते, इतर मुले हसतात, शिक्षकही कधी चिडून ‘नीट बोल’ म्हणतात. पाकिस्तानातील एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करता करता अमेरिकेतील संशोधकांना २०१० साली असे दिसले, की काही अडखळणाऱ्या माणसांत जे जनुक बदललेले असते त्याचे काम विकरांना लयकारिकेपर्यंत पोचविण्याशी संबंधित आहे. सर्वांचे कारण हे नव्हे, थोड्यांचेच. पण ज्या गोष्टीला आपण भित्रेपणा किंवा हट्ट समजत होतो, तिचे मूळ कधी कधी पेशीच्या इतक्या आतल्या कोपऱ्यात असते. मोशेही जिभेचा जड होता.

आता त्या घरातील वडीलधाऱ्यांकडे येऊ. मुलाचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, साठी नुकतीच ओलांडलेले गृहस्थ. दोन-तीन वर्षांपासून त्यांचा उजवा हात कापतो. चहा हाती घेतला की बशीवर कप वाजत राहतो. डॉक्टरांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा रोग, असे निदान केले होते आणि त्याचा नातवाच्या पोटाशी काही संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. संबंध असू शकतो हे वैद्यकालाही अलीकडेच कळले. गोशे रुग्णांच्या नातेवाइकांत कंपवात जास्त दिसतो हे काही डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे २००९ साली सोळा केंद्रांतील रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कंपवाताच्या रुग्णांत हा जनुकबदल असण्याची शक्यता इतरांपेक्षा पाचपटीहून अधिक आढळली. ज्याला आपण निरोगी वाहक म्हणत होतो त्याच्याही मेंदूतील पेशींत थोडा कचरा साचत असावा. बहुतेक वाहकांना आयुष्यभर काही होत नाही, हेही तितकेच खरे. आजोबांची तपासणी झाली आणि ते वाहक निघाले. त्यांचा कंपवात त्यामुळेच आहे असे कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते ऐकून ते एवढेच म्हणाले, “मंग हे माह्याच रक्तातून गेलं म्हणा ना त्या पोराच्या अंगात.”

आम्ही त्यांना काय म्हणावे? तुमचा दोष नाही, असे म्हणालो. ते वाक्य खरे आहे आणि अपुरे आहे. त्यांनी नातवाला आपले नाक दिले, आपला गळा दिला (मुलगा गातो चांगला), त्याचे श्रेय ते आनंदाने घेतात. जे न निवडता दिले त्यातील चांगल्याचा अभिमान धरायचा आणि वाईटाविषयी मात्र काहीच वाटू द्यायचे नाही, असे माणसाचे मन चालत नाही. आम्हांला असे वाटते की अपराध आणि हळहळ या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत. अपराधाला क्षमा हवी असते. हळहळीला क्षमा देऊ करणे हाच अपमान होय. तिला सोबत हवी असते. आजोबांना क्षमेची प्रार्थना नको होती, आणि आपल्या मंडळ्यांत आपण बहुधा तीच करून मोकळे होतो.

औषधाचा प्रश्न वेगळाच. या रोगात उणे असलेले विकरच शिरेतून देता येते. १९९१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध हजारो वारांतून काढावे लागे. १९९४ पासून ते प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींतून तयार होऊ लागले. दर दोन आठवड्यांनी, जन्मभर घ्यावे लागते. पानथरी उतरते, रक्त सुधारते, मूल खेळू लागते. मेंदूपर्यंत मात्र ते पोचत नाही, आणि ४४४ व्या जागेचा बदल दोन्ही प्रतींत असलेल्या मुलांत पुढे मेंदूचा त्रास होण्याचे भय असते. आणि किंमत अशी की ऐकणारा प्रथम हसतो.

दिल्लीतील एका सायकलरिक्षा ओढणाऱ्या बापाने आपल्या मुलाच्या गोशे रोगासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्याची आधीची मुले याच रोगाने गेली होती. १७ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती मनमोहन यांनी निर्णय दिला, की औषध महाग आहे आणि कुटुंब गरीब आहे एवढ्यावरून सरकारला हात झटकता येणार नाहीत. मुलाला ते मोफत मिळाले पाहिजे. पुढे २०२१ साली दुर्मीळ रोगांविषयी राष्ट्रीय धोरण आले. निवडक रुग्णालये त्यासाठी ठरली, मुंबईचे के. ई. एम. त्यांपैकी एक, आणि २०२२ साली एका रुग्णामागे मदतीची मर्यादा पन्नास लाख रुपये झाली. रक्कम मोठी आहे. जन्मभराच्या औषधाला ती पुरत नाही. मूल वजनाने वाढते तसा औषधाचा खर्चही वाढतो.

एका मंडळीतील सुशिक्षित सभासद आम्हांला म्हणाले, की एका मुलावर पन्नास लाख घालण्यापेक्षा त्यात किती मुलांच्या लसी, किती बाळंतिणींची सोय होईल. हा आक्षेप दुष्टपणाचा नाही, आणि शंभर मेंढरांचा दाखला सांगून तो उडवून लावता येत नाही. त्या मेंढपाळाने नव्व्याण्णव मेंढरे उपाशी ठेवली असे दाखल्यात नाही. सरकारच्या तिजोरीला हिशेब करावाच लागतो. पण आम्ही त्या गृहस्थांना विचारले, की हा हिशेब तुम्ही कोणत्या खुर्चीत बसून करता? आपल्या मंडळीच्या सभागृहाच्या फरशीचा हिशेब तुम्ही कधी लसींशी ताडून पाहिला होता काय? आजारी मूल समोर आल्यावरच आपल्याला लसी का आठवतात? त्यांनी उत्तर दिले नाही, आणि आमच्याकडेही तयार उत्तर आहे असे नाही. एवढे मात्र खरे, की सरहद्दीवरील या माणसांची पहिली अडचण पन्नास लाखांची नसून त्याच्या अलीकडची असते. रुग्णालय नागपूरचे, शिधापत्रिका मध्य प्रदेशची, महाराष्ट्राच्या रहिवाशांची योजना यांना लागू नाही, आणि कोणता अर्ज कोठे द्यावा हे सांगणारा माणूस नाही. प्रत्येक मंडळीत असा एक अर्ज भरणारा, सोबत मुंबईला जाणारा असेल तर ते काम आम्ही एखाद्या संमेलनापेक्षा मोठे मानू.

आम्हांला बोलाविण्याचे खरे कारण मात्र निघताना कळले. आजोबांची धाकटी मुलगी लग्नाची आहे. तिची सोयरीक वरूडकडे दिलेल्या त्यांच्या सर्वांत धाकट्या बहिणीच्या मुलाशी ठरत आली होती. त्या बहिणीला नातवाचे दुखणे ‘रक्ताची कमी’ एवढेच ठाऊक होते. मोठ्या मुलाचे म्हणणे, काही सांगू नये. सोयरीक मोडेल, गावभर होईल, आणि तिसऱ्या बहिणीला मग कोण विचारील? तो वाईट माणूस नाही; भाच्यासाठी त्याने बैलजोडी विकली आहे. त्याने आम्हांला विचारले, “नाही सांगतलं त पाप होते का, साहेब?”

हिशेब असा. धाकटी मुलगी वाहक असण्याचा संभव निम्मा. आत्या वाहक असण्याचा निम्मा, म्हणून तिच्या मुलाचा चौथा हिस्सा. दोघेही वाहक असण्याचा आठांत एक, आणि अपत्याला रोग होण्याचा बत्तीसांत एक. एका रक्ततपासणीने हे सर्व ‘संभव’ जाऊन होय किंवा नाही एवढेच उरते. दोघांपैकी एकही वाहक नसेल तर लग्नाला काही आडकाठी नाही. दोघे वाहक निघाले तरी निर्णय त्यांचाच आहे. लग्न करावे की नाही, गरोदरपणी तपासणी करावी की नाही, आणि मग काय. त्या शेवटच्या प्रश्नावर ख्रिस्ती माणसांची मते एक नाहीत, आणि ज्याला ते ओझे वाहायचे नाही त्याने मोठ्या आवाजात बोलू नये असे आमचे मत आहे.

पण सांगावे की नाही? आम्ही त्याला शेतीतील गोष्ट सांगितली. आपले स्वतःचे शेत असेल तर त्याची कागदपत्रे पेटीत ठेवायला आपण मोकळे आहोत. पण शेत वडिलोपार्जित असेल, वाटण्या झालेल्या नसतील, आणि त्यावर जुना बोजा आहे हे एका भावाला कळले असेल, तर ते त्याने इतरांपासून लपवून कसे चालेल? बोजा त्याने चढविलेला नाही. त्यात त्याचा अपराध नाही. मात्र तो ठाऊक असून बहिणीच्या मुलाला त्या जमिनीत भरवशाने उतरू देणे, हे त्याच्या हातचे कृत्य होईल. जनुकातील दोषाला कोणी जबाबदार नाही. तो कळल्यावर गप्प राहण्याला मात्र माणूस जबाबदार आहे. तिसऱ्या बहिणीचे भय खोटे नव्हते. ते आम्ही मान्य केले, आणि ते भय निर्माण करणारे आपणच आहोत, आपल्याच मंडळीतील जिभा, हेही. म्हणून आम्ही एवढी विनंती केली की हे पाळकांनी सांगू नये, प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून तर मुळीच पुढे येऊ नये. आपल्या विनंती-प्रार्थनांतून किती घरांच्या गोष्टी गावभर झाल्या आहेत ते वाचकांना ठाऊक आहे. ज्याचे रक्त त्याने, ज्याचा संबंध त्यालाच सांगावे.

मोठा मुलगा काही बोलला नाही. आजोबा म्हणाले, मीच जातो.

ते गेले. सोबत म्हणून आम्हांला नेले. बहिणीने चहा केला. त्यांनी कपबशी खाली ठेवली, म्हणजे आवाज होऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेला कागद उलगडून तिच्यापुढे धरला. कागदही हलत होता. तिने सगळे ऐकून घेतले. बराच वेळ गेल्यावर विचारले, “दादा, हे आईकडचं होय का बाबाकडचं?”

“कोणाले विचारू आता?” ते म्हणाले. “दोघंही नाहीत.”

“मंग मलेही असन.”

“असन. नसनही.”

तिने त्यांचा कप उचलून पाहिला, चहा निवला होता, आणि तो पुन्हा गरम करायला ती आत गेली. तिच्या व तिच्या मुलाच्या रक्ताचे नमुने त्यानंतरच्या आठवड्यात गेले आहेत. मुलीनेही स्वतः होऊन आपला दिला. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.